अण्णासाहेबांची बेगमी

अण्णासाहेब वकिलांवर माझा अजून राग आहे. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मला कळतं, आणि तसा प्रयत्नही मी करून पाहिला आहे. जमत नाही. परवा औरंगाबादला गुलमंडीवर एका दुकानाबाहेर वाळ्याचे पडदे टांगलेले दिसले. दुकानदाराने त्यांच्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो वास आला. लोकांना म्हणे त्या वासाने गार वाटतं. माझं डोकं तापलं. बरोबरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, एक वकील आठवला."

औरंगपुऱ्यात आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच होती. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, आईबरोबर राहत होते. येताजाता माझी फेरी काकूंकडे असायची. काकू म्हणजे अण्णासाहेबांची बायको. माहेर चितेगावचं. ठेंगण्या, हसऱ्या, आणि दम्याने गांजलेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोनच, आणि तिसरी होती ती तंबाखू.

चुन्याबरोबर मळून दाढेखाली धरतात ती तंबाखू असती तर मी एवढं लिहिलंही नसतं. ही पाइपात भरायची, परदेशी, पत्र्याच्या गोल चपट्या डब्यांतून येणारी. अण्णासाहेब ती साठवत होते. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षभराच्या गव्हाची, डाळीची बेगमी करतात. अण्णासाहेबांनी उरलेल्या जन्माच्या तंबाखूची बेगमी मांडली होती. घरातली उत्तरेची अख्खी खोली त्यांनी तिला दिली होती, जमिनीपासून छतापर्यंत.

दिसायला माणूस रुबाबदार. उंच, सडसडीत, नाक धारदार, अंगात काळा कोट आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात पाइप. शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं. त्यामुळे रागावले की उर्दूत बोलत, आणि फारच रागावले की पुस्तकी मराठीत. रागावायला कारण लागत नसे. रिक्षावाला, दूधवाला, नगरपालिका, कोर्टातले कारकून, स्वतःचे पक्षकार, सगळ्यांशी त्यांचं कधी ना कधी वाजलेलं. "बंदोबस्त नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळाला पाणी आलं नाही, बंदोबस्त नाही. पक्षकार तारखेला उशिरा आला, बंदोबस्त नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी काकूंना ऐकावं लागे, "या घरात कशाचा म्हणून बंदोबस्त नाही."

पाइपची सवय त्यांना लावली ती निजामाच्या अमलातल्या एका न्यायाधीशाने, मुन्सिफसाहेबांनी. अण्णासाहेब तेव्हा नवखे वकील. मुन्सिफसाहेबांचा त्यांच्यावर लोभ. संध्याकाळी घरी बोलावून घेत, शेरोशायरी चाले, आणि मुन्सिफसाहेब स्वतः पाइप भरून ह्यांच्या हातात देत. मग पोलीस ॲक्शन झाली आणि मुन्सिफसाहेब कराचीला निघून गेले. जाताना आपला एक पाइप आणि अर्धा डबा तंबाखू अण्णासाहेबांना देऊन गेले. तो अर्धा डबा ह्यांनी चिमूट चिमूट करून पुरवला, आणि एके दिवशी तो संपला. छावणीतल्या दुकानात विचारायला गेले तर मालच बंद झालेला. ही हकीकत ते दर वेळी तितक्याच संतापाने सांगत.

"चार दिवसांत सल्तनत गेली, बाई! दोन-सव्वादोनशे वर्षांची सल्तनत. कुणी काही बंदोबस्त केला नव्हता. मी त्याच दिवशी कसम खाल्ली, पुन्हा कुठल्या चिजेसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. पुढे पुढे चीड यायला लागली. कारण हात न पसरण्याची कसम खाल्लेला हा माणूस दर थंडीत अजिंठ्याच्या पायथ्याशी हात पसरून उभा असायचा.

त्याची रीत अशी. परदेशी तंबाखू आपल्याकडे मिळत नसे, पण परदेशी माणसं लेणी बघायला यायची. थंडीतल्या रविवारी अण्णासाहेब कडक इस्त्रीचा कोट घालून एस.टी.ने अजिंठ्याला जात आणि तोंडात रिकामा पाइप धरून लेण्यांच्या पायऱ्यांखाली उभे राहत. एखादा पाइपवाला साहेब दिसला की पुढे होऊन इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा सुरू करत. घरी ज्या तोंडातून चहा मागतानाही सरळ शब्द निघत नसे, त्या तोंडातून साखर पाझरायची. साहेबाबरोबर वर जाऊन खाली येईपर्यंत त्याच्या खिशातला डबा ह्यांच्या खिशात आलेला असायचा. बरोबर काकू असत, फडक्यात शिदोरी बांधून. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. साहेबाला आणि मडमेला ते खायला घालायचं, म्हणजे ओळख पक्की होई. एका मडमेला धपाटे इतके आवडले की तिने एकटीने सगळे संपवले, आणि काकू त्या दिवशी उपाशी घरी आल्या.

मी त्यांना विचारलं, "काकू, लेण्यातली चित्रं कशी आहेत हो?"

"मी कुठं बघितली? मी आपली खाली झाडाखाली बसते."

"इतक्या वेळा गेलात आणि एकदाही वर गेला नाहीत?"

"अगं, मी वर गेले अन् तेवढ्यात एखादा पाइपवाला निघून गेला तर? शिदोरी माझ्याजवळ असती ना. हे म्हणायलेत, पुढल्या खेपेला जाऊ." असं म्हणून हसल्या. काकू हसल्या की मला अण्णासाहेबांचा जास्तच राग यायचा.

आता त्या खोलीविषयी. भिंती जाड दगडी, खिडकी एकच आणि लहान. औरंगाबादच्या उन्हाळ्यात त्या घरातली तेवढी एकच जागा गार राही. म्हणूनच ती तंबाखूला मिळाली. "बंद डब्यात ती मुरते, बाई. पंधरा-वीस वर्षं गार ठेवली की तिला खरी खुशबू येते. उन्हाळा लागला की खलास." दर रविवारी सकाळी, अजिंठ्याला जायचं नसेल तेव्हा, ते आत मेणबत्ती लावून बसत आणि नव्या डब्याच्या झाकणाभोवती थेंब थेंब मेण सोडत. हात जरासुद्धा हलत नसे. काकू चहा घेऊन दाराबाहेर उभ्या राहत, कारण त्यांना आत यायची परवानगी नव्हती. खिडकीला वाळ्याचा पडदा होता. तो सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवायचा, आणि ते काम काकूंचं, बाहेरच्या बाजूने.

काकूंची स्वतःची खाट होती स्वयंपाकघरात, पत्र्याखाली. वैशाखात तो पत्रा असा तापे की दुपारी त्यांना धाप लागे, आणि त्या छातीवर ओलं फडकं धरून भिंतीला टेकून बसत. एका घरात दोन जीव उन्हाळ्याला भ्यायलेले, आणि गार खोली कुणाला द्यायची हे अण्णासाहेबांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. गल्लीतल्या बायका तिला सवतीची खोली म्हणत. काकूही म्हणत. "सवतीला पाणी पाजून येते गं," असं सांगून बादली उचलायच्या.

दुष्काळाच्या साली नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आम्ही भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालत होतो. त्या दिवसांतही पडद्याला बादली ठरलेली. मी न राहवून म्हटलं, "अण्णासाहेब, माणसांना प्यायला पाणी नाही हो."

"माणसं पावसाळ्यात पितील पोटभर. ही वाळली की कायमची वाळली."

हे त्यांनी थट्टेने म्हटलं नव्हतं. मी समोर उभी होते.

त्या सततच्या ओलाव्याने व्हायचं तेच झालं. खालच्या फळीवरचे डबे गंजले. अण्णासाहेबांनी त्यांतली तंबाखू काढली आणि काकूंच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरून टाकली. काकूंना विचारलं नाही. त्या वर्षी काकूंनी लोणचं घातलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका अपिलासाठी त्यांना मुंबईला हायकोर्टात जावं लागलं आणि तिकडे मुक्काम लांबला. काकू पडदा भिजवायला गेल्या तर खिडकीच्या कडेने बारीक तांबूस किडे चालताना दिसले. त्या खोलीत शिरल्या. बरणीचं फडकं सोडलं तर आतही तेच. बाईचा जीव उडाला. नवऱ्याने जन्मभर जमवलेला साठा, आणि त्याला कीड! मग साठ्याला कीड लागली की त्यांच्या आईने, आजीने जे केलं असतं तेच त्यांनी केलं.

मी शाळेतून आले तर अख्खी गल्ली शिंकत होती. गच्चीवर अण्णासाहेबांची धुतलेली धोतरं अंथरलेली आणि त्यांवर तंबाखू ऊन खात पडलेली. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून ती सुपात घोळत होत्या. मधोमध काकू, वाटीत एरंडेल घेऊन. दोन्ही तळव्यांना तेल चोळायच्या आणि हलक्या हाताने तंबाखूला लावायच्या, दर वर्षी गव्हाला आणि तुरीच्या डाळीला लावतात तसं.

"काकू, हे काय?"

"कीड लागली होती गं. बरं झालं नजरेस पडली. आता एरंडेल लावलं, मधी मधी कडू लिंबाचा पाला घालते, दोन वर्षं काय होत नाय बघ." दणकून शिंकल्या आणि हसल्या. "सवत असली म्हणून काय झालं? घरातलीच की ती."

इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ज्या खोलीच्या दाराशी त्या चहा घेऊन ताटकळत असत, तिथला माल त्यांच्या हाताने वाचणार होता.

अण्णासाहेब आले. ते बॅग खाली ठेवतात न ठेवतात तोच काकूंनी सगळं सांगून टाकलं, बरणी पुढे आणली, फडकं सोडलं. त्यांनी वाकून वास घेतला. मी तिथेच होते. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते ओरडले नाहीत. काकू समोर उभ्या असताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्यांना विचारा, हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"अहो, कीड होती म्हणून मी..."

"ह्यांना सांगा, उद्यापासून त्या खोलीकडे फिरकायचं नाही."

त्या दिवसापासून त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली जानव्याला. पडदा ते स्वतः भिजवू लागले. काही हवं असलं की, "त्यांना सांगा, पान वाढा." मी नसले तर भिंतीकडे बघून सांगत. काकू पान वाढत. गल्लीतल्या पुरुषांना ह्याची मोठी गंमत वाटे. मला त्या पुरुषांचाही राग यायचा.

त्यानंतरच्या चैत्रात काकूंचा दमा बळावला. डॉक्टर घरी आले आणि अण्णासाहेबांच्या तोंडावर म्हणाले, ह्यांना उन्हाळाभर पत्र्याखाली झोपवू नका, गार खोलीत ठेवा. डॉक्टर गेले. मी वाट बघत राहिले. अण्णासाहेब पाइप साफ करत होते.

मीच म्हटलं, "डबे बाहेर काढायला मी येते. शाळेतल्या बायकांनाही आणते."

"ठेवणार कुठे?"

"कुठेही. पत्र्याखाली ठेवा."

तान्ह्या मुलाला उन्हात झोपवा म्हटल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. "वीस वर्षं मुरलीय ती, बाई. एका उन्हाळ्यात तिचं भुसकट होईल."

"आणि काकूंचं काय होईल?"

"पाऊस पडला की त्यांना आराम पडतो. दर वर्षी पडतो. त्यांना सांगा, मृग काही लांब नाही."

चैत्रात मृग लांब नाही म्हणायला माणूस वकीलच लागतो. काकू खाटेवर पडून ऐकत होत्या. त्यांनी चितेगावला भावाकडे निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी भाऊ हजर झाला. काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या, ओट्यावर बसलेल्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि इतक्या महिन्यांनी सरळ त्यांच्याशीच बोलल्या.

"मी चालले. खोली मोकळी केली की बोलवा, येते. नाय केली तर नका बोलवू."

अण्णासाहेबांनी पाइप तोंडातून काढला आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, छत्री न्या. ऊन फार आहे."

चितेगावला भावाचं घर मातीच्या भिंतींचं होतं, अंगणात मोठा कडुलिंब. काकूंची धाप थोड्याच दिवसांत कमी झाली. गाव पैठणच्या रस्त्यावरच, रविवारी मी पैठणच्या गाडीने त्यांना भेटायला जायची. त्या चहा करायच्या, आईची चौकशी करायच्या आणि मग विचारायच्या, "खोली मोकळी केली व्हय गं त्यांनी?" मी नाही म्हणायची. त्या विषय बदलायच्या. आपलं घर सोडून भावाच्या दारी राहणं त्यांना टोचत होतं, पण हट्ट मात्र सोडत नव्हत्या. मला तो हट्ट फार आवडला.

मृगाच्या सुमारास एका रविवारी सकाळी मी अण्णासाहेबांकडे डोकावले. दारापासूनच विलक्षण घाण वास येत होता, जळक्या तेलाचा आणि कडू पाल्याचा. उत्तरेच्या खोलीचं दार सताड उघडं. माझ्या मनात आलं, केली वाटतं मोकळी! आत गेले तर डबे जिथल्या तिथे, छतापर्यंत. त्यांच्यामध्ये जमिनीवर अण्णासाहेब बसलेले. मांडीशी ती लोणच्याची बरणी, तोंडात पेटलेला पाइप, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि ठसक्यावर ठसका.

"हे काय चाललंय?"

"त्यांनी एरंडेल लावलेली आहे ना, ती ओढतोय."

"कशी लागते?"

"वाहियात." आणि आणखी एक झुरका घेतला. "पाल्याच्या काड्यासुद्धा येतात मध्ये."

"मग कशाला ओढताय?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "मी फार वाईट वागलो, बाई. एवढी बरणी संपवतो. सगळी. मग त्यांना आणायला जातो. त्याआधी कुठल्या तोंडाने जाऊ?"

खरं सांगते, तेवढ्यापुरता माझा राग पळाला. ह्या माणसाच्या तोंडून मी कधी चुकलो म्हटलेलं ऐकलं नव्हतं. मग माझी नजर बरणीकडे गेली. जेमतेम गळ्याखाली उतरली होती. भरल्या घराला वर्षभर लोणचं पुरवणारी ती बरणी, आणि हे तिच्यातून चिमटीने काढून ओढणार.

मी तशीच चितेगावची गाडी पकडली. काकूंना सांगितलं. त्या आधी इतक्या हसल्या की मला वाटलं आता धाप लागेल. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पालासुद्धा ओढायलेत?" आणि थोड्या वेळाने, "केवढी बरणी ती, माहीत आहे ना तुला? ती संपायची कधी अन् हे यायचे कधी? त्यांना म्हणावं, नेऊन उकिरड्यावर उपडी करा अन् संध्याकाळच्या गाडीनं या. डब्यांचं मागून बघू. खोलीत माझ्या खाटेपुरती जागा करा म्हणावं, बास." मी निघेपर्यंत त्यांनी पिशवी भरायला काढली होती. वेणी सोडून पुन्हा घातली होती.

दुपारी मी परत औरंगपुऱ्यात. अण्णासाहेब त्याच जागी. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. त्यांनी तो कोर्टात साक्ष ऐकावी तसा मान खाली घालून ऐकला.

"उकिरड्यावर?"

"हो. आणि संध्याकाळची गाडी. उठा, मी टाकते बरणीतली."

मी हात पुढे केला तर त्यांनी बरणी जवळ ओढली. "टाकू कशी, बाई? त्यांच्या हातची आहे ही."

तेव्हा मात्र मी अशी काही ओरडले की भिंतीपलीकडून आई धावत आली. "अहो, ते हात आहेत ना अजून! चितेगावला आहेत! पिशवी भरून बसल्यात त्या तुमच्यासाठी! जित्या माणसाला आणायचं सोडून त्याच्या हातचं तेल कसलं राखताय?" आणखीही पुष्कळ बोलले. आईने दंडाला धरलं तरी थांबले नाही.

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते बरणीकडे बघत होते, आणि तसं बघणं माझ्या ओळखीचं होतं. "खरं म्हणजे," ते हळूच म्हणाले, "ओढायलाच नको होती ही. संपली तर पुन्हा कुठे मिळणार?" पाइपातली तंबाखू त्यांनी बोटाने कोरून पुन्हा बरणीत टाकली, झाकण बसवलं, फळीवरून मेणबत्ती घेतली आणि पेटवली.

काकू परत आल्या नाहीत. त्या चितेगावलाच राहिल्या आणि तिथेच गेल्या. मीही त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही, म्हणून अण्णासाहेब आठवतात ते त्या दुपारचे. मी दारात उभी होते. पैठणची संध्याकाळची गाडी सुटायला अजून बराच वेळ होता, आणि मी तसं ओरडून सांगितलंही. त्यांनी मान वर केली नाही. डावा हात उचलून जरा थांबा अशी खूण केली, बरणी थोडी फिरवली, आणि झाकणाच्या कडेवर मेणाचा पुढचा थेंब सोडला.